पहिलं सगळं घरीच

मावशींच्या पाळणाघरात इतक्या वर्षांत एकही मूल पहिल्यांदा चाललं नव्हतं. एकही पहिल्यांदा पालथं पडलं नव्हतं, रांगलं नव्हतं की टाळी वाजवायला शिकलं नव्हतं. निदान मावशींचं तसं म्हणणं होतं. पोरं सकाळी यायची, संध्याकाळी जायची, दिवसभर मावशींच्या डोळ्यांदेखत लोळायची, आणि जे काही पहिलंवहिलं करायचं ते मात्र घरी जाऊन, आईबापांसमोर करायची. एवढी समजूतदार पोरं नेमकी एकाच पाळणाघरात कशी गोळा होतात, हा प्रश्न आजवर कुणालाच कसा पडला नाही, याचं मावशींच्या नवऱ्याला, म्हणजे सगळ्यांच्या काकांना, फार नवल वाटायचं.

खरी गोष्ट अर्थातच उलटी होती. तळमजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत रोज काही ना काही पहिल्यांदा घडत होतं. मूल दिवसातले जागेपणीचे बहुतेक तास जिथे काढतं, तिथेच ते मोठं होणार; त्याला काय ठाऊक की आई आत्ता दुकानात गिऱ्हाइकाशी बोलतेय, म्हणून आपण पालथं पडायचं जरा लांबणीवर टाकावं! मावशी सतरंजीच्या कडेला भाजी निवडत बसायच्या आणि समोर एखादं पोर दात-ओठ खाऊन, लालबुंद होऊन, अंगाखाली अडकलेला हात सोडवत असायचं. हात सुटला की ते मान वर करून असं बघायचं, जणू जग याआधी कुणी असं बघितलंच नव्हतं. मावशी त्याच्याकडे बघून हसायच्या आणि गुपचूप भाजी निवडायच्या. तोंडातून ब्र काढायच्या नाहीत.

याला कारण होतं. पाळणाघर नवं असताना एका मुलीनं खुर्ची सोडून दोन-चार पावलं टाकली होती. संध्याकाळी तिची आई दारात दिसताच मावशींनी आरोळी ठोकली, "चालली हो चालली, तुमची लेक चालली!" आई पायरीवर मटकन बसली. मावशींना वाटलं, आनंदानं. ती म्हणाली, "आणि मी कुठे होते?" मग तिथेच पदरात तोंड खुपसून रडली. मावशींच्या ते जिव्हारी लागलं. आपण चोरी केली, असंच त्यांना वाटलं, आणि त्या दिवसापासून त्यांनी नियम केला: पहिलं सगळं घरीच. इथे काहीही होवो, ते पोटात ठेवायचं. आईला फक्त सुचवायचं, "आज त्याला दिवाणाला धरून उभा करून बघ हं," नाहीतर "उद्या सुट्टी ना तुझी? जमिनीवर बस जरा तिच्याबरोबर." मग दुसऱ्या सकाळी आई धापा टाकत यायची, "मावशी, उभा राहिला! काल! माझ्यासमोर!" आणि मावशी छातीवर हात ठेवून, डोळे विस्फारून म्हणायच्या, "अगंबाई! काय सांगतेस काय!"

हे आश्चर्य त्यांनी इतकं घोटून घोटून तयार केलं होतं की आतल्या खोलीतून काका नंतर शेरा मारायचे, "आज जरा जास्त झालं. तो 'अगंबाई' थोडा उशिरा यायला हवा होता."

"तुम्ही तुमचं बघा हो," मावशी म्हणायच्या. काका बसच्या कारखान्यातून निवृत्त झाले होते आणि आता घरातले सगळे स्क्रू घट्ट करणं एवढंच त्यांचं काम होतं. त्यांच्या हातून त्यातलेही काही सुटायचे.

पोरांची खरी नावं मावशी फक्त आईबापांसमोर घ्यायच्या. एरवी प्रत्येकाला त्यांनी ठेवलेलं नाव असायचं. त्या वर्षी एक 'हवालदार' होती, अनोळखी माणूस दारात दिसलं की ओठ काढून सगळी इमारत डोक्यावर घेणारी. एक 'रिव्हर्स' होता. पुढचं खेळणं हवं म्हणून जोर लावायचा आणि मागे मागे सरकत कपाटाखाली जायचा, मग खेळण्याकडे बघून भोकाड पसरायचा. आणि एक 'वकील' होता. चार महिन्यांचा असताना तो आला तेव्हापासून त्याच्या कपाळावर एक आठी होती, समोरच्याची बाजू ऐकून घेतोय पण पटलेली नाही अशी. त्याची आई औषधाच्या दुकानात उभी राहायची. बाप मालाचा ट्रक चालवायचा, एकदा गेला की आठवडा-आठवडा घरी नाही. आई संध्याकाळी न्यायला यायची तेव्हा वकील पेंगुळलेला असायचा. दोघांची खरी भेट तिच्या सुट्टीच्या दिवशीच व्हायची.

पण ती गल्लीच्या तोंडाशी कुणाशी तरी बोलत येत असली, तर वकिलाला ते कळायचं. दार बंद असायचं, खिडकी उंचावर होती, तरी याचे हातपाय थांबायचे, मान दाराकडे वळायची, आणि आठी जाऊन तिथे हसू यायचं. मावशी हे रोज पाहायच्या. सांगण्यासारखं त्यात काय आहे, असं त्यांना वाटायचं. सगळीच बाळं असं करतात.

आठवा महिना लागता लागता एका दुपारी वकील बोलला. तोवर नुसते सूर काढायचा. त्या दुपारी तो बसून चमचा आपटत होता आणि अचानक म्हणाला, "बा." स्वतःच दचकला. मग पुन्हा, "बा. बाबाबाबा. दा." आणि एकदा तोंड उघडल्यावर तो काही थांबेना. चमचा हवेत, आठी कपाळावर, आवाज चढवतोय काय, मध्येच खाली आणतोय काय, मावशी "बरं, मग पुढे?" म्हणाल्या की त्यांच्याकडे वळून उत्तर देतोय काय. काका बाहेर येऊन ऐकत राहिले. म्हणाले, "याला वकील म्हणतेस ते आज सिद्ध झालं."

मावशींनी नियमाप्रमाणे पोटात ठेवलं. आईची सुट्टी दोन दिवसांवर होती. संध्याकाळी त्या एवढंच म्हणाल्या, "सुट्टीच्या दिवशी समोर बसून गप्पा मार गं त्याच्याशी. लक्षपूर्वक ऐकतो हल्ली."

सुट्टी काही गप्पांत गेली नाही. आदल्या दिवशी सकाळीच आईचा फोन आला, बाळाला ताप आहे, दात येत असावेत. जवळच्या दवाखान्यातून औषध आणलं. ताप चढला, उतरला, पुन्हा चढला, आणि आठवडाभरानं निघून गेला. वकील परत आला तो चिमणीएवढा होऊन. बसवला तर कलंडायचा. बोलणं बंद. मावशी म्हणाल्या, "अशक्तपणा आहे, भरून येईल." मूल आजारातून उठलं की शिकलेलं थोडं विसरतं, मग पुन्हा शिकतं, हे त्यांनी शंभरदा पाहिलं होतं. त्या निर्धास्त होत्या. उलट आता तो फार गुणी झाला होता. हवालदारानं टाहो फोडला तरी हा आपला शांत झोपलेला. मावशींनी त्याच्या आईला कौतुकानं सांगितलंसुद्धा, "किती शहाणा झालाय म्हणून सांगू! दार आपटलं तरी झोप मोडत नाही."

असे काही आठवडे गेले.

मग एका सकाळी ताटाळं पडलं. स्वयंपाकघराच्या भिंतीवरचं, स्टीलच्या ताटावाट्यांनी भरलेलं, काकांनी आदल्याच दिवशी 'आता हलणार नाही' म्हणून बसवलेलं ताटाळं अख्खंच्या अख्खं खाली आलं. असा आवाज झाला की वरच्या मजल्यावरची बाई जिन्यात धावली. हवालदार किंचाळली. रिव्हर्स झोपेतून उडाला, दोन्ही हात फेकून रडायला लागला. एक वाटी घरंगळत सतरंजीपर्यंत आली आणि गिरक्या घेत खणखणत राहिली.

वकील दाराकडे पाठ करून, उशांच्या आधारानं बसला होता. त्याच्यासमोर मावशींनी ठेवलेले चुरमुरे होते. तो एक चुरमुरा अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरायचा प्रयत्न करत होता. चुरमुरा निसटला. त्यानं पुन्हा धरला.

मावशींनी जमिनीवरचं एक ताट उचललं, डाव उचलला आणि वकिलाच्या पाठीमागे जाऊन ताटावर मारला. चुरमुरा चिमटीत आला होता, वकील तो तोंडाकडे नेत होता. त्यांनी पुन्हा मारला, जोरात. मग मारतच सुटल्या. बाकीची पोरं आकांत करत होती, काका दारात येऊन "अगं काय चाललंय काय, वेड लागलं का?" म्हणत होते, आणि वकील चुरमुरा चघळत होता. शेवटी मावशींची सावली त्याच्या हातावर पडली, तेव्हा त्यानं वर पाहिलं. हसला.

मावशींनी बोलायला तोंड उघडलं. आयुष्यभर दर आठवड्याला एकदा तरी छातीवर हात ठेवून 'अगंबाई' म्हटलेली ती बाई, पण तोंडातून शब्द फुटेना. चेहरा नुसता कोरा झाला होता. काकांनी ताट त्यांच्या हातातून काढून घेतलं तेव्हा कुठे त्या खाली बसल्या.

संध्याकाळी त्यांनी वकिलाच्या आईला ताटाळ्याचं सगळं सांगितलं आणि कानाच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं. वकिलाच्या बडबडीचं मात्र सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. ते सांगायचं असतं हेच त्यांच्या डोक्यात आलं नाही. इतक्या वर्षांची सवय. आणि डॉक्टरांकडे यंत्रं असतात, ती सांगतीलच काय ते.

दोन दिवसांनी आई आली ती दाराशी चप्पल काढायचीही विसरली. तिच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. डोळे कोरडे, पण कुठे लागलेले तेच कळेना.

"ऐकू येत नाही मावशी. दोन्ही कानांनी. यंत्रावर तपासलं."

मावशींनी तिला हाताला धरून बसवलं.

"जन्मापासूनच असेल, डॉक्टर म्हणाल्या. मला विचारत होत्या, कधी बाबा-दादा असं काही बोलला का? मी म्हटलं, नाही, कधीच नाही. मागून हाक मारली तर वळायचा का? मला आठवेचना हो. वळायचा असं वाटायचं, पण तेव्हा मी त्याला दिसतही असेन ना? सावली दिसत असेल. हसायचा, पण माझं तोंड बघून हसत असेल. ताप येऊन गेला का विचारलं, मी म्हटलं, दात येताना आला होता." ती थांबली. "पुढची तपासणी पुढच्या महिन्यात आहे. घाई नाही म्हणाल्या, जन्मापासूनचं आहे तर थोडं मागेपुढे चालेल. मावशी, मी तो पोटात असल्यापासून त्याच्याशी बोलतेय. ट्रकचा हॉर्न वाजला की सांगायचे, तो बघ बाबा आला. यातलं एक अक्षर त्याच्यापर्यंत गेलं नाही? एकही?"

"गेलं," मावशी म्हणाल्या.

आईनं मान वर केली.

"गेलं गं पोरी. सगळं गेलं. तू गल्लीच्या तोंडाशी असायचीस ना, दार बंद असायचं, तरी हा वळायचा. रोज. तुझ्याच आवाजाला. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय." मावशींनी वकिलाकडे बोट केलं. "आणि बोललाय तो. बाबाबा, दादादा, सगळं बोललाय. तापाच्या आधी. चमचा हातात घेऊन तासभर भांडत होता माझ्याशी. ह्यांनीपण ऐकलंय."

क्षणभर आईच्या चेहऱ्यावर उजेड आला. आपलं पोर आपला आवाज ओळखत होतं, एवढंच आधी तिच्यापर्यंत पोचलं. मग उरलेलं पोचलं.

"बोलला होता?"

"हो गं."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाही?"

मावशींनी नियम सांगायला सुरुवात केली. पायरीवर बसून रडलेली ती बाई, पहिलं सगळं घरीच, तुझी सुट्टी दोन दिवसांवर होती, तुला स्वतःला ऐकायला मिळावं म्हणून... बोलता बोलता त्यांनाच ते सगळं फोल वाटायला लागलं. आई ऐकत होती, पण डोळे विस्फारलेले, तोंड अर्धवट उघडं. या खोलीत मावशींनी खोटं आश्चर्य किती वेळा वठवलं होतं. खरं असं दिसतं हे त्यांना आत्ता समजलं, आणि ते त्यांच्यामुळे आलं होतं.

"म्हणजे तो पालथा पडला तेव्हा?" आईनं हळूच विचारलं. "पहिल्यांदा बसला तेव्हा?"

मावशी सतरंजीची कड सरळ करायला लागल्या.

"तुम्ही कोण हो ठरवणार," आई उभी राहत म्हणाली, "मला काय कळावं आणि काय कळू नये ते? डॉक्टरांनी मला तोंडावर विचारलं, बोलला का. त्याची सख्खी आई मी, आणि मी नाही म्हणून आले!" तिनं वकिलाला इतक्या झटक्यात उचललं की तो दचकून रडायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई वकिलाला घेऊन पुन्हा कानाच्या डॉक्टरांकडे गेली, तर मावशी न बोलावता तिथे हजर. पोरं काकांवर सोपवली होती, यावरून काय ते समजावं. आईनं त्यांच्याकडे पाहिलं नाही, पण नको असंही म्हणाली नाही. डॉक्टरांनी मावशींचं अर्धं बोलणं ऐकलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं.

"मागून हाक मारल्यावर वळायचा? नक्की?"

"नक्की. दाराआडूनसुद्धा."

"ताप आल्यानंतर बसताना तोल जायला लागला?"

"कलंडायचा. मला वाटलं अशक्तपणा."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "वळायचा, बाबा-दादा बोलला, म्हणजे तेव्हा ऐकू येत होतं. मग हे जन्मापासूनचं नाही. ताप दाताचा नव्हताच. मेंदूच्या आवरणाला सूज येऊन गेली, ती कानात उतरली. तापाबद्दल मीच खोदून विचारायला हवं होतं." त्या उठून फोनकडे गेल्यासुद्धा. "अशा तापानंतर कानाच्या आतल्या पोकळीत हाड भरायला लागतं. पूर्ण भरलं की आत ऐकण्याचं यंत्र बसवता येत नाही. पुढचा महिना सोडा, कानाच्या आतला फोटो आजच काढायचा."

दुपारी तो फोटो त्यांनी उजेडावर धरला. उजवा कान अजून मोकळा होता. डावा भरला होता.

"उजव्यात यंत्र बसेल. परवाच करू. बसलं की तो ऐकायला शिकेल, पुन्हा बोलेल. मेहनत आहे, पण होईल," डॉक्टर म्हणाल्या.

"आणि आधी आलो असतो तर?" हे आईनं नाही, मावशींनी विचारलं. त्यांना उत्तर ऐकायचं नव्हतं, पण विचारल्याशिवाय राहवलंही नाही.

डॉक्टरांनी आढेवेढे घेतले नाहीत. "तर कदाचित दोन्ही."

आईनं तेव्हाही काही म्हटलं नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं मावशींनी घरी आल्यावर काकांना सांगितलं. काकांना त्या दिवशी एकही टोमणा सुचला नाही.

शस्त्रक्रियेच्या दिवशी मावशी पुन्हा गेल्या. बाप रातोरात ट्रक सोडून आला होता आणि खाली पैसे भरायच्या खिडकीशी रांगेत उभा होता. आई वकिलाला मांडीवर घेऊन बाकावर बसली होती. उपाशी ठेवल्यामुळे वकील किरकिरत होता. मावशी बाकाच्या दुसऱ्या टोकाला अंग चोरून बसल्या. माफी मागावी असं रात्रभर मनात घोळलं होतं, पण आता ती अगदी फुकटची वाटत होती.

मग आई समोर बघतच म्हणाली, "काय म्हणाला होता?"

"अं?"

"पहिल्यांदा. नक्की काय म्हणाला? करून दाखवा मला. सगळं."

मावशींनी आजूबाजूला पाहिलं. समोर एक म्हातारे गृहस्थ, दोन नर्स, एक झाडणारी बाई. मावशी सरकत आईजवळ आल्या, वकिलासमोर वाकल्या. हातात चमचा असल्यासारखी मूठ धरली. कपाळाला आठी घातली.

"बा," त्या म्हणाल्या. आणि दचकल्या, तो दचकला होता तशा. "बा. बाबाबाबा. दा. दादादा." आवाज चढवला, मध्येच खाली आणला, मूठ हवेत नाचवली. डोळ्यांतून घळघळ पाणी वाहत होतं, पण त्यांनी एक सूर गाळला नाही, एक हातवारा सोडला नाही. समोरचे गृहस्थ टक लावून बघत होते. आई जिवाचा कान करून ऐकत होती.

वकिलाची किरकिर थांबली होती. तो मावशींच्या तोंडाकडे एकटक पाहत होता. मग त्याचे ओठ मिटले आणि उघडले, मिटले आणि उघडले. अगदी तस्सेच. आवाज मात्र नव्हता.

आईनं त्याचं डोकं छातीशी धरलं. आतल्या दारातून नर्स येताना दिसली, तशी तिनं दुसऱ्या हातानं मावशींचं मनगट घट्ट पकडलं.

"परत एकदा," ती म्हणाली. "लवकर."

मावशींनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.